डोळ्याच्या पडद्यातली शीर बंद झाली तर: तपासणी, इंजेक्शन आणि पुढची दोन वर्षं

सकाळी उठल्यावर एका डोळ्यासमोर धुकं असल्यासारखं वाटतं. डोळा लाल नाही, दुखत नाही, चिकटत नाही. अशा वेळी बहुतेक जण आधी चष्म्याची काच पुसतात, मग मेडिकलमधून कसलेतरी थेंब आणतात आणि शेवटी ‘मोतीबिंदू असेल’ म्हणून गोष्ट पुढच्या महिन्यावर ढकलतात. पडद्यातली शीर बंद होण्याचा आजार नेमका असाच, गाजावाजा न करता सुरू होतो. मधुमेहामुळे होणारी पडद्याची खराबी सोडली, तर पडद्याच्या रक्तवाहिन्यांच्या आजारांत याचाच नंबर लागतो. यावर आज चांगले उपचार आहेत. मात्र हे एकदा इंजेक्शन घेतलं आणि संपलं, असं काम नाही. या आजारात दृष्टी जास्त करून दोन कारणांनी जाते: उपचार मध्येच सोडल्यामुळे, आणि शीर का बंद झाली याकडे कुणी बघितलंच नाही म्हणून. लेखातला बराचसा भाग म्हणूनच या दोन गोष्टींवर आहे.

पहिल्या दिवशी घरी काय बघायचं

दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा दुसऱ्याची उणीव भरून काढतो. त्यामुळे कित्येकांना कमी दिसतंय हे आठवडेच्या आठवडे कळत नाही. चष्मा लावून, एक डोळा तळहाताने झाकून (दाबून नव्हे) भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे बघा. मग दुसरा डोळा झाका. दाराची चौकट किंवा फरशीच्या रेषा सरळ दिसतात का, वाकड्या, ते पाहा. धूसरपणा मधोमध आहे, वरच्या अर्ध्या भागात आहे की खालच्या, आणि साधारण कोणत्या दिवसापासून आहे, हे कागदावर लिहून ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात, आणि चार दिवसांनी नीट आठवत नाही.

आता घाई किती करायची? काही सेकंदांत किंवा मिनिटांत एका डोळ्यापुढे पूर्ण अंधार झाला असेल, तर शीर नव्हे, पडद्याला रक्त पुरवणारी धमनी बंद झालेली असू शकते. तिथे तासांचा हिशोब असतो. डोळ्याच्या छोट्या दवाखान्यात वेळ न घालवता, जिथे पक्षाघाताचे रुग्ण बघतात अशा मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात त्याच क्षणी जा. तोंड वाकडं होणं, हातातली ताकद जाणं, बोबडं बोलणं सोबत असेल तर प्रश्नच नाही. एका बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली सरकत येत असेल किंवा विजा चमकल्यासारखं दिसत असेल, तर पडदा सुटण्याची शंका असते, आणि तीही त्याच दिवशी दाखवायची गोष्ट आहे. नुसताच धूसरपणा असेल तरी दोन दिवसांच्या आत पडद्याच्या डॉक्टरांकडे पोचायला हवं. घरबसल्या यांतलं नेमकं काय ते कुणालाच ठरवता येत नाही.

चष्म्याच्या दुकानात नंबर तपासून घेणं ही या वेळची सगळ्यात निरुपयोगी पायरी. तिथे पडदा बघत नाहीत. काच बदलूनही दिसत नाही एवढंच कळतं.

आत नेमकं काय होतं

डोळ्याच्या मागच्या पडद्याला एक मुख्य धमनी रक्त पुरवते आणि एक मुख्य शीर ते परत नेते. दोन्ही दृष्टीच्या नसेतून, अगदी अरुंद जागेतून जातात. पडद्यावर त्यांच्या चार मोठ्या फांद्या होतात. जिथे धमनी आणि शीर एकमेकींना ओलांडतात, तिथे दोघींभोवती एकच आवरण असतं. वर्षानुवर्षं बीपी वाढलेलं असेल तर धमनीची भिंत जाड आणि कडक होते, आणि त्याच आवरणातल्या मऊ शिरेला ती दाबत राहते. आतलं रक्त गोंधळून वाहतं, गुठळी होते, शीर बंद पडते.

मोरी तुंबली की पाणी घरात मागे साचतं, तसं इथे रक्त मागे साचतं. बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त आणि पाणी झिरपतं. अक्षर वाचायला, चेहरा ओळखायला लागणारा पडद्याचा मधला भाग, म्हणजे मॅक्युला, पाण्याने सुजतो. धूसर दिसण्याचं मुख्य कारण ही सूज. ज्या भागाला रक्त मिळत नाही, तो भाग ‘व्हीईजीएफ’ नावाचं प्रथिन सोडतो. हे प्रथिन दोन प्रकारे नुकसान करतं: गळती आणखी वाढवतं, आणि कच्च्या, ठिसूळ नव्या रक्तवाहिन्या उगवायला लावतं. पुढची सगळी इंजेक्शनं याच प्रथिनाला बांधून ठेवण्यासाठी असतात.

केसपेपरवर ‘बीआरव्हीओ’ लिहिलं असेल तर एक फांदी बंद आहे. ‘सीआरव्हीओ’ म्हणजे मुख्य शीरच बंद. ‘हेमी’ असा शब्द असेल तर वरचा किंवा खालचा अर्धा भाग. फांदी बंद होण्याचं प्रमाण जास्त आहे, आणि त्यातही कानाकडच्या वरच्या भागातली फांदी जास्त वेळा बंद होते. पडद्यावर चित्र उलटं पडत असल्यामुळे वरची फांदी बंद झाली की खालचं दिसत नाही. म्हणूनच काही जणांची पहिली तक्रार ‘जिना उतरताना पायरी दिसत नाही’ अशी असते.

दुसरा शब्द शोधायचा तो ‘इस्केमिक’ की ‘नॉन-इस्केमिक’. पडद्याचा किती भाग रक्ताविना आहे, हे त्यातून कळतं. मुख्य शीर बंद असताना दृष्टीच्या नसेच्या तबकडीएवढे (नस पडद्याला मिळते त्या गोल जागेएवढे) दहा किंवा जास्त तुकडे रक्ताविना असले तर तो इस्केमिक प्रकार मानतात. फांदीच्या बाबतीत पाच. हा शिक्का कायमचा नसतो. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात सुरुवातीला नॉन-इस्केमिक असलेल्या, मुख्य शीर बंद झालेल्या डोळ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश डोळे तीन वर्षांत इस्केमिक झाले. ‘तुमचा साधा प्रकार आहे’ हे ऐकून पुढची तारीख चुकवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

तपासणीचा दिवस

बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर वीस-तीस मिनिटांत ती पसरते आणि चार ते सहा तास जवळचं धूसर, उजेडाचा त्रास असं राहतं. पुण्यात सगळं दुचाकीवर चालतं, पण त्या दिवशी दुचाकी घरी ठेवा. बस, मेट्रो किंवा रिक्षा, आणि सोबत कुणीतरी. काळा चष्मा बरोबर घ्या. सध्याच्या सगळ्या गोळ्या पाकिटासकट न्या. ‘बीपीची पांढरी गोळी’ एवढ्यावरून डॉक्टरांना काही कळत नाही.

थेंब घालण्याआधी तीन गोष्टी व्हायला हव्यात: तक्त्यावर दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी नजर, बाहुली प्रकाशाला कशी आकसते ते बॅटरीने पाहणं, आणि डोळ्याचा दाब. मुख्य शीर बंद असण्याची शंका असेल तर चौथी गोष्ट गोनिओस्कोपी: एक छोटी आरशाची काच डोळ्यावर टेकवून बुबुळाच्या कोपऱ्यात नव्या रक्तवाहिन्या आल्या आहेत का ते बघतात. बाहुली पसरल्यावर त्या बारीक वाहिन्या सहज निसटतात. त्यामुळे आधी दुसरीकडे थेंब घालून मग लगेच पडद्याच्या डॉक्टरांकडे जाणं टाळा. गर्दीच्या ओपीडीत रांगेत बसल्याबसल्याच थेंब घालायला कुणी आलं, तर ‘दाब आणि कोपरा बघून झाला का?’ असं विचारायला अजिबात संकोच करू नका.

ओसीटी ही पडद्याची उभी छेद-प्रतिमा. स्पर्श नाही, दुखत नाही, पाच मिनिटांत होते. त्यावर मधल्या भागाची जाडी मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) छापलेली असते. उपचार लागू पडतोय का ते या आकड्यावरून आणि चित्रातल्या पाण्याच्या पोकळ्यांवरून ठरतं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशिनचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. आज एका ठिकाणी, पुढच्या महिन्यात स्वस्त पडतं म्हणून दुसऱ्या ठिकाणी काढलं, तर वीस-तीस मायक्रॉनचा फरक आजारामुळे की मशिनमुळे ते सांगता येत नाही. शक्यतो एकाच मशिनवर काढा आणि प्रिंट घेऊन ठेवा.

अँजिओग्राफीत हाताच्या शिरेतून फ्लुरोसिन हा पिवळा रंग देऊन पडद्याचे भराभर फोटो घेतात. अर्धा मिनिट मळमळतं, त्वचा काही तास पिवळट दिसते, आणि दिवसभर लघवी भडक नारिंगी होते. यात घाबरण्यासारखं काही नाही. पण आधी कोणत्या औषधाची ॲलर्जी झाली असेल, दमा असेल, गरोदरपण असेल, तर आधीच सांगा. पडद्यावर खूप रक्त पसरलेलं असेल तर फोटोत खालचं काही दिसत नाही. तेव्हा डॉक्टर ही तपासणी काही आठवडे पुढे ढकलतात. ते योग्यच आहे. रंग न देता होणारी ओसीटी अँजिओग्राफीही आता मिळते, पण ती पडद्याचा मर्यादित भागच दाखवते.

शीर बंद का झाली, हे शोधल्याशिवाय फाइल बंद करू नका

डोळ्याचे डॉक्टर डोळा बघतात. बाकीचं शरीर बघायला फिजिशियनकडे वेगळं जावं लागतं, आणि हीच पायरी सर्रास गळते. पडद्यातली शीर बंद होणं हा रक्तवाहिन्यांचा आजार आहे. ज्या कारणांनी ती बंद झाली, त्याच कारणांनी हृदय आणि मेंदूही धोक्यात असतात.

सगळ्यांनी कराव्यात अशा तपासण्या: बीपी, तीन महिन्यांची सरासरी शुगर, लिपिड प्रोफाइल, सीबीसी, ईएसआर, क्रिएटिनिन आणि ईसीजी. आपल्याकडे यात बी-१२ आणि होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो आम्ल) यांची भर घालावी असं आमचं ठाम मत आहे. बी-१२ कमी असलं की होमोसिस्टीन वाढतं, आणि वाढलेलं होमोसिस्टीन या आजारात आढळतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या संशोधकांनी वर्षानुवर्षं केलेल्या कामातून इथल्या लोकांत, विशेषतः शाकाहारी घरांत, बी-१२ ची कमतरता किती पसरलेली आहे ते समोर आलं आहे. तपासणी सोपी आहे, उपायही स्वस्त आहे. बी-१२ वाढवल्याने बंद शीर उघडत नाही, पण शरीरातली एक कमतरता तरी भरून निघते.

वय पन्नाशीच्या आत असेल, किंवा दोन्ही डोळ्यांत एकाच वेळी झालं असेल, तर रक्त गोठण्याच्या विकारांच्या जास्तीच्या तपासण्या लागतात. गर्भनिरोधक गोळ्या किंवा हार्मोनची औषधं चालू असतील तर ते सांगितलंच पाहिजे. रात्री मोठ्याने घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं हेही सांगा. सिगारेट आणि तंबाखू पूर्ण बंद करायचे. घरातल्या मोठ्या बायका मिश्री लावत असतील तर ती तंबाखूच आहे; ‘मला कसलं व्यसन नाही’ या उत्तरात ती झाकली जाते, म्हणून घरच्यांनीच विचारावं.

बीपीबद्दल थोडं जास्त, कारण सगळ्यात मोठं कारण तेच आहे. घरी दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल मशिन घ्या. सात दिवस सकाळी गोळी घेण्यापूर्वी आणि संध्याकाळी जेवणाआधी मोजा. आधी पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून गप्प बसा. हात छातीच्या पातळीवर. चहा आणि तंबाखू अर्धा तास आधी नाही. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहा. हा कागद फिजिशियनला दवाखान्यातल्या एका आकड्यापेक्षा जास्त सांगतो. बहुतेकांसाठी १३०/८० च्या खाली हे लक्ष्य असतं, पण वयस्कर माणसाचं बीपी एका दिवसात खाली खेचायची घाई नको. मीठ दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचा. त्यात लोणचं, पापड, फरसाण, शेव आणि बेकरीची खारी हे सगळं आलं. भाजीत मीठ कमी करून ताटात लोणचं वाढलं तर हिशोब होता तिथेच येतो.

काचबिंदू, म्हणजे बहुधा डोळ्याच्या वाढलेल्या दाबामुळे दृष्टीची नस खराब होणं, हेही या आजाराचं कारण असतं. त्यासाठी दोन्ही डोळ्यांचा दाब तपासायला हवा, फक्त बिघडलेल्या डोळ्याचा नाही.

उपचार: कशाने काय होतं

आधी ज्याने काही होत नाही ते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी बंद शीर उघडते असं सिद्ध झालेलं नाही. हृदयासाठी त्या चालू असतील तर चालूच ठेवा. डोळ्यासाठी म्हणून स्वतः सुरू करू नका. मेडिकलमधले थेंब, गुलाबपाणी, मध, डोळ्यांचे व्यायाम यांचा पडद्याच्या सुजेवर परिणाम होत नाही. त्यात गेलेले आठवडे मात्र परत मिळत नाहीत.

सूज नसेल, नजर चांगली असेल, तर काही डोळ्यांत फक्त लक्ष ठेवणं पुरतं. सूज मधोमध असेल आणि नजर उतरली असेल तर पहिला उपचार म्हणजे डोळ्यातलं अँटी-व्हीईजीएफ इंजेक्शन. औषधं अशी: रॅनिबिझुमॅब ०.५ मिलिग्रॅम, ॲफ्लिबरसेप्ट २ मिलिग्रॅम, बेव्हॅसिझुमॅब १.२५ मिलिग्रॅम. तिन्हींची मात्रा ०.०५ मिलिलिटर, म्हणजे एका थेंबाएवढी. अलीकडे फॅरिसिमॅबही आलं आहे. ते व्हीईजीएफसोबत आणखी एका प्रथिनाला रोखतं आणि काही डोळ्यांत दोन इंजेक्शनांमधलं अंतर वाढवता येतं.

किती फायदा होतो? रॅनिबिझुमॅबवरचे दोन मोठे अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. फांदी बंद असलेल्यांत दरमहा इंजेक्शन घेणाऱ्यांना सहा महिन्यांनी तक्त्यावरची सरासरी सोळा ते अठरा अक्षरं जास्त वाचता आली, तर इंजेक्शनचा नुसता आभास दिलेल्या गटाला सुमारे सात. मुख्य शीर बंद असलेल्यांत इंजेक्शन घेणाऱ्यांना तेरा ते पंधरा, दुसऱ्या गटाला जेमतेम एक. तक्त्याच्या एका ओळीत पाच अक्षरं असतात. म्हणजे सरासरी तीन ओळी. या आकड्यांतून आणखी एक गोष्ट कळते: फांदीचा आजार थोडाफार आपोआप सुधारतो, मुख्य शिरेचा जवळपास नाहीच. ‘आपोआप बरं झालं’ असं सांगणाऱ्या शेजाऱ्याचा आजार कोणता होता, ते आधी विचारून घ्यावं.

औषध कोणतं घ्यायचं हा बहुतेक घरांत पैशाचा प्रश्न असतो. बेव्हॅसिझुमॅब हे मूळचं कॅन्सरचं औषध. मोठ्या बाटलीतून लहान लहान सिरिंज भरतात, म्हणून ते खूप स्वस्त पडतं. मुख्य शिरेच्या आजारात सहा महिन्यांच्या निकालात ते ॲफ्लिबरसेप्टपेक्षा कमी पडलं नाही, असं २०१७ च्या अमेरिकी अभ्यासात दिसलं. जोखीम असते ती सिरिंज भरण्याच्या जागेत: निर्जंतुकपणा पाळला नाही तर एकाच बाटलीतून अनेकांना संसर्ग होऊ शकतो. सिरिंज कुठे भरतात आणि कशा साठवतात, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. भारतात २०१५ पासून रॅनिबिझुमॅबचं देशी बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच बनवलेलं औषध, मिळतं. त्यामुळे मधला एक पर्यायही आहे. महाग औषधाची दोन इंजेक्शनं घेऊन पैसे संपले म्हणून थांबण्यापेक्षा, परवडणाऱ्या औषधाची सगळी इंजेक्शनं वेळेवर घेणं डोळ्यासाठी केव्हाही चांगलं. डॉक्टरांना पहिल्याच भेटीत बजेट स्पष्ट सांगा.

स्टेरॉइडचा दुसरा मार्ग आहे. डेक्सामेथासोन ०.७ मिलिग्रॅमची विरघळणारी बारीक कांडी डोळ्यात सोडतात. परिणाम दोन महिन्यांच्या आसपास सगळ्यात जास्त आणि चार-सहा महिन्यांत ओसरतो. नुकताच हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झालेल्यांना, दरमहा येणं जमत नसलेल्यांना, किंवा आधीच्या इंजेक्शनांना दाद न देणाऱ्या सुजेला ती उपयोगी. बदल्यात डोळ्याचा दाब वाढतो आणि मोतीबिंदू लवकर येतो. कांडी घातल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी दाब तपासलाच पाहिजे. दाब वाढलेला माणसाला जाणवत नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी लेन्सची मागची पिशवी फाटली होती असं कुणी सांगितलं असेल तर ते आवर्जून सांगा, कारण कांडी पुढे सरकून बुबुळाची पारदर्शक काच खराब करू शकते.

लेझरची जागा आता बदलली आहे. फांदीच्या सुजेवर लेझर गुणकारी असल्याचं १९८४ मध्ये सिद्ध झालं होतं, मुख्य शिरेच्या सुजेत त्याने नजर सुधारत नाही हे १९९५ मध्ये. आज सुजेसाठी इंजेक्शन आधी येतं. पण नव्या रक्तवाहिन्या उगवल्या तर रक्ताविना राहिलेल्या भागावर पसरून केलेलं लेझर अजूनही सगळ्यात भरवशाचं. ते दृष्टी वाढवायला नसतं, डोळा वाचवायला असतं. हे आधी नीट समजलं नाही की ‘लेझर केलं आणि काहीच फरक नाही’ अशी निराशा पदरी येते.

इंजेक्शनचा दिवस

आदल्या दिवशी डोक्यावरून आंघोळ करून घ्या. त्या दिवशी काजळ, सुरमा, चेहऱ्यावर क्रीम नको. उपाशी राहायची सहसा गरज नसते; नाष्टा करा, बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या घ्या. ॲस्पिरिन स्वतःहून बंद करू नका. डोळे आले असतील, रांजणवाडी झाली असेल, पापण्यांना खपल्या असतील, ताप असेल, तर आधी फोन करून सांगा. तीन महिन्यांत हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झाला असेल, गरोदरपण असेल, आयोडीनची ॲलर्जी असेल, तर हे टेबलावर चढायच्या आधी सांगायचं.

ऑपरेशन थिएटरमध्ये बधिर करणारे थेंब, मग पाच टक्के पोव्हिडोन आयोडीन. पापण्या बारीक चिमट्याने उघड्या ठेवतात. लेन्स बदललेली असेल तर बुबुळाच्या कडेपासून साडेतीन मिलिमीटरवर, नैसर्गिक लेन्स असेल तर चार मिलिमीटरवर अतिशय बारीक सुई जाते. काही सेकंदांचं काम. त्या वेळी बोलू नका आणि डॉक्टर सांगतील तिकडे नजर स्थिर ठेवा. दाबल्यासारखं वाटतं. रात्री डोळा चुरचुरतो तो सुईने नव्हे, आयोडीनने. डोळे चोळू नका, वंगणाचे थेंब विचारून घ्या.

पांढऱ्या भागावर लालभडक डाग दिसला तर तो एक-दोन आठवड्यांत जातो. काळे गोल बुडबुडे तरंगताना दिसले तर एक-दोन दिवसांत विरतात. दोन-तीन दिवस डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका, पोहणं आठवडाभर बंद. गणेशोत्सवाच्या दिवसांत इंजेक्शन आलं तर मिरवणुकीतला गुलाल आणि धूळ टाळा. तारीख मात्र उत्सवासाठी पुढे ढकलू नका.

खरी भीती एकच: आतला जंतुसंसर्ग. साधारण दोन-तीन हजार इंजेक्शनांत एखादा. बहुधा पहिल्या आठवड्यात दिसतो: दुखणं दर तासाला वाढतं, डोळा लाल होतो, उजेड सहन होत नाही, आदल्या दिवशी दिसत होतं त्याहून कमी दिसतं. रविवार असो वा मध्यरात्र, त्याच वेळी डॉक्टरांना गाठा. त्यासाठी घरी निघण्यापूर्वीच रात्रीचा तातडीचा नंबर लिहून घ्यायचा.

पुढच्या तारखा

सुरुवातीला दर चार आठवड्यांनी इंजेक्शन, सूज जाऊन नजर स्थिर होईपर्यंत. बहुतेक डोळ्यांना तीन ते सहा लागतात. मग दोनांपैकी एक पद्धत: दरमहा तपासून सूज आली तरच टोचायचं, किंवा प्रत्येक वेळी टोचत अंतर दोन-दोन आठवड्यांनी वाढवत न्यायचं. औषधाचा परिणाम चार-सहा आठवड्यांत उतरतो. पहिल्या इंजेक्शननंतर पेपर वाचता येऊ लागतो, माणूस खूश होऊन थांबतो, आणि दोन महिन्यांनी सूज परत येते. अशी सूज वारंवार येत राहिली तर मॅक्युलाच्या पेशी कायमच्या मरतात. मग ओसीटीत सूज दिसली नाही तरी नजर वाढत नाही. काहींचा आजार वर्षभरात शांत होतो, काहींना दोन-तीन वर्षं अधूनमधून इंजेक्शनं लागतात. पहिल्या दिवशी नजर किती होती यावर शेवटची नजर बरीच अवलंबून असते. ६/६० पेक्षा कमी (तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षरही न दिसणाऱ्या) डोळ्याकडून ६/६, म्हणजे पूर्ण नजरेची, आशा डॉक्टरांनीही दाखवू नये.

इस्केमिक प्रकारात दुसरं संकट असतं. बुबुळावर नव्या वाहिन्या उगवून पाणी बाहेर जायची वाट बंद होते, आणि दाब भयंकर वाढतो. हे बहुधा पहिल्या काही महिन्यांत होतं. जुने डॉक्टर याला शंभर दिवसांचा काचबिंदू म्हणतात. म्हणून पहिले सहा महिने दरमहा, बाहुली न पसरवता, कोपरा तपासायचा. इंजेक्शन चालू असताना या वाहिन्या दबून राहतात, संपत नाहीत. इंजेक्शन थांबवल्यावर महिन्याची तपासणी पुन्हा तेवढीच कडक पाळावी लागते. डोळा दुखणं, अर्धं डोकं दुखणं, दिव्याभोवती वलयं आणि उलटी हे दिसलं तर पित्ताची गोळी घेऊन झोपू नका.

खर्च आणि कागद

विमा नियामकाच्या नियमांनुसार डोळ्यातली इंजेक्शनं ही आधुनिक उपचारांच्या यादीत आहेत. कंपनी ती सरसकट नाकारू शकत नाही, रकमेवर मर्यादा मात्र घालू शकते. दाखल नव्हता म्हणून दावा फेटाळला तर याच मुद्द्यावर लेखी उत्तर मागा. पूर्वमंजुरीसाठी निदान लिहिलेलं पत्र, ओसीटीची प्रिंट, नजर आणि औषधाचं नाव लागतं. हा अर्ज आठवडाभर आधी टाका, नाहीतर तारीख हुकते. सरकारी योजनेत बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्या भेटीतच विचारा.

पुण्यात ससून सर्वोपचार रुग्णालयाचा नेत्रविभाग आणि महंमदवाडीचं ह. वि. देसाई नेत्र रुग्णालय या कमी खर्चातल्या जागा आहेत. पडद्याची ओपीडी कोणत्या वारी असते ते फोनवर विचारून मगच निघा. भोर, जुन्नर, इंदापूरकडून येणाऱ्यांनी तपासणी, ओसीटी आणि इंजेक्शन एकाच दिवशी होईल का, असं स्पष्ट विचारावं. बऱ्याच ठिकाणी ते जमवून देतात, आणि दोन फेऱ्यांऐवजी एक झाली की पुढची तारीखही पाळली जाते.

एका वहीत प्रत्येक भेटीची एक ओळ लिहा: तारीख, नजर, दाब, ओसीटीचा आकडा, औषधाचं नाव, त्या आठवड्याचं बीपी. डॉक्टर बदलावे लागले तर ही वही जाडजूड फाइलपेक्षा जास्त कामाची. एका डोळ्याने अंतराचा अंदाज चुकतो, म्हणून सुरुवातीचे काही आठवडे रात्री गाडी चालवू नका आणि चहा ओतताना भांडं कपाला टेकवून ओता. फांदी बंद झालेल्यांत सुमारे दहांपैकी एकाला पुढे कधीतरी दुसऱ्या डोळ्यातही हाच आजार होतो. रोज सकाळी एकेक डोळा झाकून दुसऱ्या डोळ्याची नजरही बघायची, आणि प्रत्येक भेटीत डॉक्टरांना त्या डोळ्याचाही पडदा बघायला सांगायचा.